असब, असबियत आणि उंदराचा मेंदू

उर्दूत चेतापेशीला 'असबी ख़लिया' म्हणतात. ख़लिया म्हणजे पेशी. असब म्हणजे नस, मज्जातंतू. मूळ शब्द अरबी. ऐन, साद, बे या तीन अक्षरांचा धातू. अर्थ बांधणं, गुंडाळणं, पट्टी आवळणं. याच मुळापासून 'असबा' हा शब्द आला, म्हणजे वारसाहक्काच्या कायद्यातले बापाकडचे नातेवाईक. याच मुळापासून 'असबियत' आली. इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दिमा' लिहिला, त्यात हा शब्द पानोपानी भेटतो. कबिल्याला एकत्र बांधून ठेवणारी जी ताकद, ती असबियत. ती सैल झाली की सल्तनत मोडते, असं त्याचं म्हणणं. आणि याच मुळापासून 'तअस्सुब'ही आला. त्याचा अर्थ तुम्हाआम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या माणसांना बांधून घेता घेता गाठ इतकी आवळली, की बाहेरचा माणूस दिसेनासा झाला, तो तअस्सुब.

मी शिकवते उर्दू आणि मराठी. विज्ञान माझा विषय नाही. पण एका शब्दाच्या पोटात नस, नातं आणि पूर्वग्रह अशी तीन पोरं नांदतात म्हटल्यावर भाषेच्या बाईला गप्प बसवत नाही. शरीरात काय कशाला बांधलेलं आहे, हे बघायला म्हणून मी या वाटेनं गेले, आणि पोचले ते थेट उंदराच्या मेंदूत.

आमच्याकडे उंदीर म्हणजे सोयाबीनच्या पोत्यांचा दुश्मन. धाराशिव जिल्ह्यात उंदराबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण जगभरच्या मेंदू-अभ्यासाचा निम्मा भार या जनावराच्या पाठीवर आहे. प्रयोगशाळेत वापरतात ती काळ्या उंदरांची एक जात १९२१ सालापासून पैदा केली जाते आहे. पिढ्यान् पिढ्या भावा-बहिणींचीच जोडी लावल्यामुळे त्यातले सगळे उंदीर जवळपास एकसारखे असतात. एकाचा मेंदू दुसऱ्याशी ताडून बघता येतो. मेंदूचं वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, आणि त्यात चेतापेशी सुमारे सात कोटी. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी.

प्रश्न साधा आहे. या सात कोटींपैकी कोणती पेशी कुठून निघते आणि कुठे जाऊन पोचते?

प्रत्येक चेतापेशीला एक लांब दोरा असतो, पाठ्यपुस्तकात त्याला अक्षतंतू म्हणतात. पेशीचं अंग केसाच्या जाडीपेक्षाही बारीक, पण हा दोरा मेंदूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतो, वाटेत त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना फाटे फुटतात. एकाच पेशीच्या सगळ्या फांद्या सरळ करून एकापुढे एक ठेवल्या तर दहा-वीस सेंटिमीटर आणि कधी त्याहून जास्त भरतात. उंदराचा अख्खा मेंदू दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब, आणि त्यातल्या एका पेशीची वाट वीतभर! हे वाचल्यावर मी पट्टी घेऊन वहीवर रेघ मारून बघितली होती.

आता यातली अडचण सांगण्यासाठी मला अब्बांकडे जावं लागेल.

अब्बा एसटीत कंडक्टर होते. तेव्हा गाडीच्या पाटीवर 'उस्मानाबाद' असायचं. समजा तुम्ही एखाद्या स्टँडवर दिवसभर बसलात, आणि एवढंच टिपून घेतलंत की इथून गाड्या सोलापूरला जातात, लातूरला जातात, उमरग्याला जातात. माहिती खरी आहे. पण त्यावरून हे कळत नाही, की एकच गाडी फिरत फिरत तिन्ही गावं करते, की तिन्ही गावांना तीन वेगळ्या गाड्या आहेत. प्रवाशाच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक गाडी बंद पडली तर तिन्ही गावं अडकतील, की एकच?

मेंदूचे नकाशे बरीच वर्षं स्टँडवरच्या या टिपणासारखे होते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटनं २०१४ साली उंदराच्या मेंदूचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. पद्धत अशी, की निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत मेंदूच्या एका लहानशा भागातल्या पेशींना हिरवं चमकणारं प्रथिन बनवायला लावायचं, मग मेंदूचे काप काढून ती हिरवळ कुठे कुठे पोचली ते बघायचं. शेकडो उंदरांवर शेकडो जागी हे काम केलं. अमुक भागातून तमुक भागाकडे वाट आहे, हे पक्कं झालं. पण एका वेळी हजारो पेशी हिरव्या होत असल्यामुळे एकटी पेशी त्या गर्दीत हरवून जायची. स्टँड कळलं, गाडी नाही.

एकटी पेशी बघण्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. १८७३ साली इटलीतल्या एका लहान गावच्या रुग्णालयात कामिल्लो गॉल्जी नावाच्या डॉक्टरनं, तिथल्या स्वयंपाकघरात मांडलेल्या प्रयोगशाळेत, मेंदूच्या तुकड्यावर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली. बाकी सगळं पिवळसर राहिलं आणि शंभरातल्या मोजक्या पेशी तेवढ्या काळ्याभोर उमटल्या, मुळांसकट, फांद्यांसकट. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा ठिपका दिसला असता. मोजक्याच रंगल्या म्हणून त्या दिसल्या. स्पेनच्या रामोन इ काहालनं १८८७ साली ही पद्धत पाहिली आणि उरलेलं आयुष्य अशा पेशींची चित्रं काढण्यात घालवलं. त्याला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, बापानं डॉक्टर केलं. (बापांनी हट्ट केल्यामुळे चांगलं झाल्याची उदाहरणं थोडी, त्यातलं हे एक.) १९०६ सालचं नोबेल या दोघांना मिळून मिळालं आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. गॉल्जी म्हणायचा, मेंदू म्हणजे सलग विणलेलं एकच जाळं. काहाल म्हणायचा, नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे, एकमेकींना खेटून आहे, पण एक झालेली नाही. गॉल्जीनं तर नोबेलच्या भाषणातच दुसऱ्याचं मत खोडून काढायचा प्रयत्न केला. काहाल बरोबर ठरला, तोही गॉल्जीच्याच पद्धतीच्या जोरावर.

आणि त्याच्याही फार आधी, अकराव्या शतकात, इब्न अल-हैसमच्या 'किताबुल मनाज़िर'मध्ये दोन डोळे, त्यांच्यामागून निघणाऱ्या नसा आणि त्या एकमेकींना मिळतात ती जागा, अशी आकृती आहे. इस्तंबूलला या ग्रंथाची १०८३ सालची हस्तलिखित प्रत आहे. मज्जासंस्थेच्या आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या चित्रांमध्ये ती आकृती गणली जाते. ही गोष्ट मी वर्गात सांगते, पण 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' या सुरात सांगत नाही. त्या सुराचा मला कंटाळा आहे, तो कुठल्याही बाजूनं आला तरी. इब्न अल-हैसमनं डोळ्याच्या नसा काढल्या, पुढची आठ-नऊशे वर्षं त्या नसेच्या आत काय आहे हे कुणालाच दिसलं नव्हतं, हेही त्याच दमात सांगायला हवं.

गॉल्जीच्या पद्धतीची मर्यादा ही, की मेंदूचा काप पातळ. पेशीचा दोरा कापाच्या बाहेर गेला की माग संपला. गाडी स्टँडमधून बाहेर पडताना दिसली, पुढे कुठे गेली कोण जाणे. ही अडचण सुटली ती अलीकडे. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात 'माउसलाइट' नावाचा प्रकल्प उभा राहिला. त्यांनी गॉल्जीचीच गोष्ट नव्यानं केली. विषाणू इतका विरळ वापरायचा, की सात कोटींतल्या काही डझन पेशीच चमकाव्यात. मग रसायनांनी मेंदू काचेसारखा पारदर्शक करायचा. मग सूक्ष्मदर्शकानं वरचा थर टिपायचा, तिथेच बसवलेल्या पात्यानं तो थर खरवडायचा, खालचा टिपायचा. एका मेंदूला साधारण आठवडा. हाती येतात ती हजारो चित्रं, आणि त्यांतून एकेका पेशीचा दोरा माणसानं संगणकावर बसून ओढायचा. संगणक मदत करतो, पण जिथे दोन दोरे एकमेकांवरून जातात तिथे कोणता कुणाचा हे ठरवायला डोळे लागतात. एक पेशी दोन जण स्वतंत्रपणे ओढतात, मग दोन्ही ताडून बघतात, फरक असेल तिथे चर्चा करून निर्णय. बोर्डाचे पेपर तपासायला गेलेल्या शिक्षकांना मॉडरेशन म्हणजे काय ते सांगायला नको. सुरुवातीला एका पेशीला एक-दोन आठवडे लागायचे, पुढे ते काम दिवसावर आलं. २०१९ साली त्यांनी एक हजाराहून जास्त पेशींचे संपूर्ण रस्ते प्रसिद्ध केले. २०२१ साली अ‍ॅलन इन्स्टिट्यूट आणि सोबतच्या गटांनी १,७४१ पेशी दिल्या. २०२२ साली चीनच्या संशोधकांनी नुसत्या कपाळामागच्या भागातल्या ६,३५७ पेशी.

दोरे ओढणाऱ्या या माणसांची नावं शोधनिबंधाच्या लांबलचक यादीत मधेच कुठेतरी असतात. मला यावरून आपल्याकडचा नकाशा आठवतो. हिंदुस्थानची मोठी मोजणी १८०२ साली मद्रासहून सुरू झाली, साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन ती आपल्या शेजारच्या बिदरवरून वर सरकली, आणि ती करणारा लॅम्बटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. त्याच्या पुढचा एव्हरेस्ट शिखराच्या नावानं सगळ्यांना माहीत. पण त्याची यंत्रं दुरुस्त करणारे, नंतर त्या खात्याचे यंत्रकार झालेले आर्कटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन किती जणांना माहीत आहेत? असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मूळ प्रश्नाकडे येते: एक गाडी की तीन?

उत्तर पेशीगणिक वेगळं निघालं, आणि त्यातलं एक उत्तर मी वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचू शकले नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालीचं नियोजन करणारा एक भाग आहे. तिथल्या खोलवरच्या थरातून वाटा थॅलॅमसकडे जातात आणि खाली मेंदूच्या देठाकडेही जातात, हे जुन्या नकाशांवरून ठाऊक होतं. एकेक पेशी सुटी ओढल्यावर दिसलं, की या दोन प्रकारच्या वेगळ्या पेशी आहेत. काही थॅलॅमसला जातात आणि खाली देठाच्या टोकापर्यंत उतरत नाहीत. काही देठात उतरतात आणि थॅलॅमसला फाटा देत नाहीत. २०१८ साली जनेलियाच्या संशोधकांनी उंदराला जीभ बाहेर काढून डावीकडचं किंवा उजवीकडचं पाणी चाटायला शिकवलं, मधे थोडा थांबायचा वेळ ठेवला, आणि या दोन पेशी कधी बोलतात ते ऐकलं. थॅलॅमसवाल्या पेशी तयारीच्या वेळी जागतात, उंदीर अजून हललेलाही नसतो तेव्हा. देठात उतरणाऱ्या पेशी प्रत्यक्ष हालचाल सुरू करताना. एकाच मोहल्ल्यात शेजारी शेजारी राहणाऱ्या. एक 'करायचंय' म्हणणारी, दुसरी 'कर' म्हणणारी.

२०१६ सालच्या हिवाळ्यात अब्बांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. सोलापूरला नेलं, जीव वाचला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. घरी आणल्यावर कळलं, की त्यांना सगळं समजतंय. अम्मी विचारायची, "पानी होना क्या?" आणि ते मान हलवायचे. पण 'पानी' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. ओठ जुळायचे, कपाळावर शीर उभी राहायची, आणि बाहेर यायचं, "चला." भूक लागली, चला. खिडकी लावा, चला. मी नांदवणुकीतून माहेरी आलेली बघून डोळ्यांत पाणी, आणि तोंडून चला. तीस वर्षं घंटीची दोरी ओढताना म्हटलेला शब्द तेवढा शिल्लक राहिला होता. घरात आम्ही दखनी बोलतो, अब्बा मराठी बोलायचे ते गाडीत. राहिलेला शब्द मराठी निघाला, याचं माझ्यातल्या भाषेच्या बाईला त्या दिवसांतसुद्धा नवल वाटलं, हे कबूल करते.

मोहल्ल्यातून येणाऱ्यांची मतं होतीच. नजर लागली, कुणी काही केलं, अमक्या ठिकाणचं पाणी आणा. एका दूरच्या नातेवाइकानं तर अब्बा नाटक करतात असं सुचवलं, कारण त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. काय ऐकलं होतं? फज्रच्या वेळी पडल्या पडल्या अब्बा अख्खी अल्हम्दु शरीफ म्हणायचे. एकही अक्षर न चुकता, न अडखळता. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही तो सूरह म्हणतो? मग एके दिवशी माझ्या भावानं त्यांच्यासमोर सहज म्हटलं, "नळदुर्ग," आणि अब्बा पुढे सुरू झाले, "जळकोट, येणेगूर, उमरगा." उमरग्याला थांबले. भाऊ रडायला लागला आणि अब्बा हसायला.

हे नाटक नव्हतं आणि करामतही नव्हती. जगभरच्या डॉक्टरांनी हे पाहिलेलं आहे. पॅरिसच्या ब्रोकानं १८६१ साली ज्या रुग्णावरून बोलण्याचं केंद्र मेंदूच्या पुढच्या भागात असतं हे मांडलं, तो रुग्ण प्रत्येक गोष्टीला 'तां' एवढंच म्हणायचा. मोजणी, प्रार्थना, शिव्या, गाणी, पाठ झालेल्या ओळी या गोष्टी अशा रुग्णांमध्ये पुष्कळदा शाबूत राहतात, आणि नवा शब्द शोधून वाक्यात बसवणं जातं. पाठ असलेलं बोलणं आणि जुळवून बोलणं एकाच रस्त्यानं जात नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी अम्मीला सोप्या शब्दांत सांगितलं होतं, "शब्द गेलेले नाहीत, रस्ता गेलाय." अम्मीनं ते वाक्य पुढे प्रत्येक येणाऱ्याला ऐकवलं. नाटकाची भाषा बंद झाली.

मला मात्र त्या वाक्यानंतर प्रश्न सुरू झाले. गुठळीनं मेंदूचा एक तुकडा मेला हे ठीक. पण जो भाग स्कॅनमध्ये धडधाकट दिसतो, तोही पहिले काही आठवडे झोपल्यासारखा का असतो? फॉन मोनाकोव्ह नावाच्या डॉक्टरनं १९१४ साली याला नाव दिलं आणि कारणही मांडलं: इजा झालेल्या जागेकडून ज्या लांबच्या भागांना दोरे जातात, ते भाग स्वतः साबूत असूनही मंदावतात, कारण त्यांना निरोप येणं थांबतं. तुळजापूरचा रस्ता खचला तर नुकसान फक्त तुळजापूरचं होत नाही. पण नेमकं कुणाकुणाचं होतं हे सांगायला गाड्यांचं वेळापत्रक लागतं, आणि माणसाच्या मेंदूचं तसं वेळापत्रक आज कुणाकडेही नाही. उंदराचंही पूर्ण नाही. उंदराच्या जिभेवरून अब्बांच्या जिभेचा हिशेब मांडता येत नाही, एवढं मला समजतं. उंदीर बोलत नाही. तरी 'करायचंय' आणि 'कर' या दोन वेगळ्या पेशी असू शकतात हे मला त्या वेळी नीट माहीत असतं, तर त्या नातेवाइकाशी मी जरा जास्त चांगलं भांडले असते.

अब्बा चार वर्षांनी गेले. तोवर तीस-चाळीस शब्द परत आले होते, त्यांत 'पानी' होता.

हे सगळं अमेरिकेत आणि चीनमध्येच चालतं असं नाही. मुंबईला कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. शुभा टोळे १९९९ पासून उंदराच्या गर्भात मेंदू कसा घडतो याचा अभ्यास करतात. मुंबईत शिकलेल्या, पुढे अमेरिकेत पीएच.डी. करून परत आलेल्या. त्यांचा प्रश्न दोऱ्यांच्याही आधीचा आहे: गर्भातल्या कोऱ्या पेशीला कळतं कसं, की आपण मेंदूचा कुठला भाग व्हायचं? त्यांच्या गटानं २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की एक विशिष्ट जनुक ठरावीक मुदतीत चालू असेल तरच पेशी मेंदूचं बाह्यक बनते. ते जनुक बंद केलं तर ती पेशी वेगळ्याच वळणाला लागते आणि शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस बनायचा हुकूम देऊ लागते. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी साठवायला लागणारा भाग. असे हुकूम देणारे ठिपके गर्भाच्या मेंदूत जागोजागी तयार झाले, तर जागोजागी हिप्पोकॅम्पस उगवू लागले. गाव वसायच्या आधी तहसील कुठे असेल हे ठरवणारी पेशी! डॉ. टोळेंना २०१४ सालचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्या कथकही शिकलेल्या आहेत, हे मी वर्गातल्या मुलींना आवर्जून सांगते.

मद्रासच्या आयआयटीत माणसाच्या मेंदूचं काम चालू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी मानवी गर्भाच्या पाच मेंदूंचे ५,१३२ काप, पेशी-पेशी दिसेल इतक्या बारकाईनं टिपून, सगळ्यांसाठी खुले केले. नाव दिलं 'धरणी'. हे पाच गर्भ कुणाच्या तरी घरातली जन्मण्याआधी गेलेली मुलं होती, आणि त्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली म्हणून हे काम झालं. आपल्याकडे देहदानाचा विषय निघाला की मजलिस दोन मिनिटांत तापते. मी इथे फतवा द्यायला बसलेली नाही. एवढंच म्हणते, की चर्चा करताना त्या घरांची आठवण ठेवून करावी.

हे काम किती उरलंय याचा अंदाज हवा असेल तर काही आकडे बघा. एका मिलिमीटर लांबीच्या जंताच्या ३०२ चेतापेशी, त्यांचा पूर्ण नकाशा १९८६ साली आला. फळमाशीच्या १,३९,२५५ पेशी, त्यांचा ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधे अडतीस वर्षं गेली. एप्रिल २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या एका घन मिलिमीटरचा नकाशा आला. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान तुकडा. त्यात सुमारे दोन लाख पेशी, त्यांच्यातले ५२ कोटींहून जास्त सांधे आणि किलोमीटरच्या हिशेबात मोजावे लागणारे दोरे. अख्खा उंदराचा मेंदू याच्या सुमारे पाचशेपट. तो पूर्ण करायची तयारी म्हणून अमेरिकी सरकारनं २०२३ साली पंधरा कोटी डॉलर बाजूला काढले. यात एक खोच आहे. घन मिलिमीटरच्या तुकड्यात सांधे दिसतात, पण तुकड्याबाहेर जाणारा दोरा तुटतो. माउसलाइटमध्ये दोरा शेवटपर्यंत दिसतो, पण सांधा दिसत नाही. गल्ली दाखवणारा नकाशा वेगळा आणि जिल्हा दाखवणारा वेगळा, दोन्ही अजून एकमेकांवर बसलेले नाहीत.

माउसलाइटच्या पेशी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात. गेल्या महिन्यात ऑफ तासाला नववीच्या मुलींना संगणकाच्या खोलीत घेऊन गेले. बत्तीस मुली, चालू संगणक चार. पडद्यावर उंदराचा मेंदू धुरकट काचेसारखा येतो, पेशी निवडली की त्यात एक रंगीत दोरा पसरत जातो, माउसनं तो फिरवता येतो. (माउसनं माउस, यावर दहा मिनिटं हसून झालं.) प्रत्येक पेशीला नाव नाही, नंबर आहे, 'एए' आणि पुढे चार आकडे. एकीनं विचारलं, "आपा, ये चूहा अब जिंदा है क्या?" नाही म्हटलं. थोडा वेळ शांतता. मग दुसरीनं विचारलं, ही पेशी उजवीकडून निघून डावीकडे कशाला गेली, तिला तिकडे काय काम? मी म्हटलं, ते अजून कुणाला माहीत नाही, आधी ती जाते कुठे कुठे ते तर मोजा. चौघी पडद्याला नाक लावून टोकं मोजायला लागल्या, एक मोठ्यानं मोजणारी, एक वहीत रेघा मारणारी, दोघी भांडणाऱ्या. सत्तेचाळीसपर्यंत आल्या होत्या, तेवढ्यात लाइट गेली.